एबेलियोंचा ट्यूबा आणि देशाचा हिशोब

आमच्या कचेरीत देशाची वर्षाची कमाई मोजतात. तिच्यात सरकारी खर्चाचा वाटा किती, हे काढायचं काम झेनेदाबाईंकडे. शेजारच्या टेबलावर बसून मी ते त्यांच्याकडून शिकले, म्हणजे बोलणी खातखात शिकले. कॉफीला बाजारात भाव असतो. पोलिसाच्या गस्तीला नसतो, शाळेतल्या पाढ्यांना नसतो. मग त्यांची किंमत कशी लावायची? ते काम करायला सरकारला जेवढा खर्च आला, तेवढी. पगार धरायचा, वापरून झालेली वस्तूंची झीज धरायची. पेन्शन मात्र धरायची नाही, कारण तिच्या बदल्यात कुणी काही काम करत नाही.

बाईंचे यजमान एबेलियो आमच्या एरेदिया शहराच्या सरकारी बँडमध्ये ट्यूबा, म्हणजे ते भलंमोठं पितळी वाद्य, वाजवायचे. दर रविवारी बागेतल्या मंडपात बँड, सगळ्यांना फुकट.

"आज क्लॅरिनेटवाला दोनदा घसरला," एबेलियो घरी येऊन विचारायचे, "देशाला किती खोट आली?"

"काही नाही. पगार तेवढाच, किंमत तेवढीच."

"आणि झकास वाजवलं असतं तर?"

"तरी तेवढीच. कॉफी घ्या, निवतेय."

आमच्याकडे नवराबायको एकमेकांना अहो-जाहो करतात, कुत्र्यालासुद्धा करतात. त्यामुळे भांडणंही मोठ्या अदबीनं होतात.

एबेलियो स्वतः कधी घसरले नाहीत, कारण जन्मभर नुसता पुम-पुम ठेका धरला. मुख्य चाल वाजवा म्हटलं की हात जोडायचे. "लोकांच्या पैशावर पोट भरतो, चूक परवडायची नाही."

नोव्हेंबरात ते निवृत्त झाले.

"आता मी देशाच्या हिशोबात कुठे?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही. पेन्शन," बाई म्हणाल्या. समोरचा भात-घेवडा तसाच गार झाला.

त्यात काटकसरीपायी त्यांची जागा रिकामी ठेवायचं ठरलं, आणि ट्यूबा सरकारचा, तो परत मागवला. एबेलियोंनी तो पलंगावर पांघरुणाखाली झाकला. "आजारी आहे म्हणून कळवा."

"परत करा," बाई म्हणाल्या.

"तुम्ही माझ्या आहात की सरकारच्या?"

"आधी परत करा, मग सांगते."

ट्यूबा गेला आणि माणूस पार कोमेजला. मला बाईंचा संतापच आला. तोंडावर म्हटलं, "इतकं कठोर होऊ नये माणसानं!"

"अहो मुली, त्या ट्यूबाची झीज इतकी वर्षं कोण धरतंय? मीच ना? कागदावर त्याची किंमत कधीच शून्यावर आलीय. शून्यावर आलेली वस्तू भंगाराच्या लिलावात निघते. पण त्याआधी सरकारजमा तर व्हायला हवी!"

मग मीही लिलावाला त्यांच्यासोबत गेले. पितळेच्या भावात मिळेल अशी बाईंची खात्री होती. पण एका हॉटेलवाल्याला त्यात नेच्याची झाडं लावून तो दारात ठेवायचा होता. तो बोली चढवत गेला. बाईंचा चेहरा उतरला. डिसेंबरच्या बोनसमधून नवी शेगडी घ्यायची होती. त्या शेगडीवर पाणी सोडून त्यांनी पुन्हा हात वर केला.

हॉटेलवाला हसला. "बाई, किती पोचे पडलेत बघा त्याला!"

"ते पोचे माझ्या घरचे आहेत," बाई म्हणाल्या.

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि हात खाली घेतला.

ट्यूबा मांडीवर घेऊन आम्ही टॅक्सीतून आलो. एबेलियोंनी फाटक उघडलं, एकेका पोच्यावरून बोट फिरवलं आणि आधी रडले, मग इतके हसले की कुत्रा भुंकायला लागला. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

ट्यूबावाचून बँड लंगडत होताच. रविवारी बँडमास्तरांनी आनंदानं खुर्ची दिली. मंडपाच्या पायरीवर एबेलियो थांबले.

"अहो, आता माझ्या वाजवण्याची किंमत किती?"

"पगार नाही. शून्य."

"पक्कं?"

"पक्कं."

"म्हणजे चुकलो तरी कुणाच्या बापाचं काही जात नाही!"

आणि वॉल्ट्झच्या मध्यावर त्या गृहस्थानं ठेका सोडून सरळ मुख्य चालच उचलली. क्लॅरिनेटवाला आ वासून बघत राहिला. एबेलियो एकदा सपशेल घसरले, स्वतःच हसले आणि पुढे वाजवत राहिले. लोक हातातले तमाल, म्हणजे पानात उकडलेले मक्याचे उंडे, कठड्यावर ठेवून नाचायला लागले. बाईंनी मला ओढलं.

वर्षअखेरीस एबेलियोंचा पगार हिशोबातून गळला, आणि सरकारी खर्चाचा वाटा केसभर कमी भरला. कागदावर देश तेवढा गरीब झाला. तो आकडा टाईप करताना झेनेदाबाई तीच चाल गुणगुणत होत्या, ती घसरलेली जागासुद्धा तशीच.