कोंबड्यांच्या चोचीतून वाचलेल्या अळ्या

आज सकाळी चवळीच्या फुलासमोर पिवळ्या पट्ट्यांची एक माशी हवेत एका जागी थरथरत उभी दिसली, आणि मी थेट लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात जाऊन पोचले.

भातकापणी झाल्यावर सासूबाईंनी चवळीचा एक वाफा माझ्या हवाली केला होता. शेंड्यांवर काळा मावा चढला. नवी सून काय करते ते सगळी वाडी बघत होती हो! त्या माव्यात मला बारीक हिरव्या अळ्या वळवळताना दिसल्या. ह्याच त्या चोर, म्हणत मी त्या करवंटीत वेचल्या आणि कोंबड्यांना हाक मारली.

"अगो, थांब!" सासूबाई धावत आल्या. "मावो तीच खाता. नीट बघ."

बघते तर काय, एका अळीने मावा उचलून चोखून टाकला! आज सकाळी दिसली तसल्याच माशीची ती पिल्लं. मग आम्ही दोघी हसत हसत एकेक अळी वेलावर परत ठेवत बसलो. कोंबड्या तेवढ्या रुसल्या.

वेल शेंगांनी लगडले. सासूबाई वाडीभर सांगत सुटल्या, "माझ्या सुनेन मावो घालवल्यान!" माझी चूक त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितली नाही. तेव्हा वाटलं, सुटले बाई! आता मीही सासू आहे, तेव्हा कळतं, एवढं गप्प राहणं किती कठीण असतं.