माल सिंगापूरला शिवणारच नव्हता

माधुरीताई देवस्थळी यांची आणि माझी पहिली भेट माझ्याच लग्नाच्या बोलण्यात झाली. मी तेव्हा जहाजावरची नोकरी सोडून सिंगापुरात जहाजांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत नुकताच लागलो होतो. ताईंनी केतकीचे स्थळ सुचवले होते आणि त्याआधी मला सेरंगूनच्या आपल्या फ्लॅटवर चहाला बोलावले होते. चहा कसला, ती उलटतपासणी होती. बायोडेटात मी ‘निर्व्यसनी’ असे लिहिले होते आणि खिशात सिगारेटचे पाकीट होते. ताईंनी ते बरोबर हेरले.

“एक ओळ खोटी निघाली की बाकीच्या मी पुन्हा वाचते,” त्या शांतपणे म्हणाल्या आणि माझा बायोडेटा खरोखरच पहिल्यापासून वाचायला लागल्या.

सिगारेट त्या महिन्यात सुटली आणि लग्नही जमले. इथल्या मराठी घरांतली किती लग्ने ताईंनी जुळवली याचा हिशोब त्या स्वतःही ठेवत नाहीत. गंमत अशी, की लग्नातल्या या हौशी मध्यस्थबाईंनी सारी नोकरी केली ती मध्यस्थांना वेसण घालण्याची. शस्त्रांच्या निर्यातीवर जे कायदे आहेत, ते कंपन्यांना समजावून सांगणे आणि पाळायला लावणे, हे त्यांचे काम. साठी गाठली तरी ते चालूच आहे. ते काम काय असते हे मला फार जवळून कळले, म्हणून ताईंच्या साठीनिमित्त हा लेख लिहिण्याचा मान मी भांडून मिळवला.

आमची मुलगी होणार होती तेव्हाची गोष्ट. केतकीला सातव्या महिन्यात नोव्हेनाच्या हॉस्पिटलात ठेवावे लागले होते. माझी नोकरी गेली असती तर इथे राहण्याचा परवाना, एम्प्लॉयमेंट पासही गेला असता आणि त्या अवस्थेत तिला विमानात बसवता आले नसते. अशा दिवसांत माझ्या जहाजावरच्या जुन्या दोस्ताचा, शिरीषचा, दुबईहून फोन आला. एका देशाला गस्तीच्या बोटींचे सुटे भाग हवे होते आणि दुसऱ्या एका देशातला कारखानदार माझ्या ओळखीचा होता. “तू नुसती ओळख करून दे रे,” शिरीष म्हणाला. ‘माझा एक ओळखीचा आहे, बघतो’ असा मेसेज मी त्याला पाठवूनही टाकला. आपल्याकडे एवढ्याला कोण नाही म्हणते?

त्या दुपारी ताई हॉस्पिटलात केतकीसाठी मऊ भाताचा डबा घेऊन आल्या होत्या. मी फुशारकीने फोनवरची यादी दाखवली. चौथ्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. तिथे तोफ बसवायच्या बैठकी होत्या. मी ती ओळ वाचली होती, पण बोटीचाच भाग म्हणून पुढे गेलो होतो.

“माल कुठून कुठे जाणार?”

“ताई, माल सिंगापूरला शिवणारसुद्धा नाही. परस्पर जाणार.”

“आणि तुम्ही कुठे बसणार?”

“मी कुठे जातोय? बेडोकच्या ऑफिसात.”

“मग झालं तर. कायदा माल कुठे आहे तेवढंच बघत नाही, सौदा जुळवणारा कुठे बसलाय तेही बघतो. इथे बसून परक्या दोन देशांत असला सौदा जुळवायचा तर आधी नोंदणी लागते, परवानगी लागते.”

“पण मी काय दलाल आहे का? मी नुसती ओळख करून देतोय.”

“दलालसुद्धा तेच म्हणतात,” ताई म्हणाल्या. मला राग आला, हे आज कबूल करतो.

त्यांच्या सांगण्यावरून मी शिरीषकडे माल शेवटी कोण वापरणार याचा सरकारी दाखला मागितला. तो झटपट आला. ताईंनी तो दोनदा वाचला. त्यात दाखला देणाऱ्या खात्याचे स्वतःचेच नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिले होते.

“आपलं नाव लिहिताना कोणी चुकतं का हो? उद्या तुमच्या साहेबांकडे जाऊ. तुमचा तो मेसेजही दाखवायचा.”

मेसेज पुसून टाकावा असे माझ्या मनात शंभरदा आले. ताई सुट्टी काढून माझ्याबरोबर बेडोकला आल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. आमचे साहेब मिस्टर टॅन यांनी माझ्या मेसेजसकट सगळे वाचले. मग इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाले, “लकी यू आस्क फर्स्ट, लाह.” त्यांनी सरकारी अधिकाऱ्यांना कळवले. मला बोलावणे आले, प्रश्न झाले, समज मिळाली. नोकरी राहिली, पास राहिला. ईरा नोव्हेनालाच सुखरूप जन्मली.

शिरीषने दोन वर्षे अबोला धरला. मग एक दिवस फोन करून ताईंचा नंबर मागितला. मी आता शहाणा झालो होतो, आधी ताईंना विचारले, “ओळख करून देऊ का?” त्या हसून म्हणाल्या, “कशासाठी, ते विचारा आधी.” धाकट्या बहिणीसाठी स्थळ बघत होता. ताईंनी ते लग्नही जुळवले. तिचा बायोडेटा मात्र दोनदा वाचला.

परवा ईरा ताईंकडचे लाडू घेऊन निघाली, तर दारातच प्रश्न आला, “किती जण खाणार?” घरी येऊन ती म्हणाली, “आजी सो स्ट्रिक्ट, लाह.” तिला अजून ठाऊक नाही, की ही आजी कडक नसती तर तिचा जन्म या गावात झाला नसता.

ताई, तुम्हाला निरोगी आणि भरपूर आयुष्य मिळावे ही मागणी आम्ही मध्ये कोणाला न घालता थेट देवाकडे केली आहे. अर्जात काही लपवलेले नाही. शेवटी वापरणार कोण, या रकान्यात आम्ही सगळ्यांनी आपापली नावे लिहिली आहेत. तुम्ही एकदा वाचून घ्या.