आप्पांनी उन्हात धरलेली पट्टी

मंडळी, बीएस्सी केमिस्ट्री मी केलीय, पण आज सकाळी पाण्याच्या परीक्षेत पास झाले ते आमचे वडील, आप्पा!

आप्पांच्या दुखऱ्या कंबरेसाठी गच्चीवर, पत्र्याच्या शेडात, हवा भरायचा हॉट टब आणलाय. आज पहिल्यांदा उतरायचं म्हणून आक्का येळ्ळूरहून पोरांना घेऊन आलती. मी क्लोरीन असेल तशी जांभळी होणारी तपासणीची पट्टी पाण्यात बुडवली, पिवळ्या बल्बखाली डबीवरच्या रंगांशी ताडून बघितली आणि म्हणालो, "क्लोरीन बरोबर हाय. उतरा!"

"थांब रं," आप्पा म्हणाले. "रंग कधी दिव्याखाली बघत्यात व्हय? नवी पट्टी बुडव आणि उन्हात चल."

वडगावात आप्पांनी तीस वर्षं साड्यांचं सूत रंगवलं. लड रंगातून काढली की अंगणात नेऊनच बघायची, ही त्यांची सवय.

नवी पट्टी उन्हात धरून आप्पा म्हणाले, "लई फिकी हाय. जांभळा चढलाच न्हाय."

डबीशी पुन्हा ताडलं. खरंच, क्लोरीन फार कमी होतं. तसल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात, आणि मी पोरांना उतरवायला निघालेलो! क्लोरीन घातलं, पंप फिरवला, अर्ध्या तासानं पुन्हा पट्टी. आप्पा म्हणाले, "आता बसला रंग." मगच सगळे उतरले.

रंगकाम बंद झालं तेव्हा मीच म्हणालो होतो, "आता त्या कामाचा काय उपयोग, आप्पा?" आज पट्ट्यांची डबी त्यांच्याच खिशात ठेवली.

तुमच्या घरात असं कोण हाय, ज्यांचं काम संपलं हे तुम्हीच ठरवून टाकलंय?