कोरडी पाठ

‘देवाची मर्जी’ हे शब्द तुम्ही शेवटचे कधी उच्चारले, आणि तेव्हा चूक नेमकी कोणाची होती? मी हे शब्द ऐकले की पेटून उठायचे. मोर्च्यातून उरलेल्या बाबांच्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. मर्जी म्हणणारा माणूस अन्यायापुढे मान टाकतो, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं. महिन्यापूर्वी सकाळी चाचीचा फोन आला. ‘बेटी, तुहे चाचा गेले… फजरची नमाज झाली आन् गेले.’ फोन ठेवला आणि माझ्याच तोंडून निघालं, त्याची मर्जी.

हबीबचाचा नेरच्या बसस्टँडमागे फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. बोंडअळीच्या त्या वर्षांत कपाशीवरचे फवारे वाढले होते, आणि गळक्या पंपातलं औषध पाठीवरून अंगात भिनून माणसं दवाखान्यात पोचत होती. चाचांची रीत न्यारी. दुरुस्त केलेल्या पंपात साधं पाणी भरायचं, धुतलेला पांढरा सदरा घालून पंप पाठीवर घ्यायचा आणि दांडा मारत स्टँडला फेरी घालायची. पाठ कोरडी राहिली तरच पंप पास. गिऱ्हाईकं चिडवायची, चाचा, डांबरावर कोणती अळी मारून राह्यले? तुह्या डोक्यातली, म्हणत चाचा पुढे चालायचे.

एका शुक्रवारी मी बाबांचा पंप आणायला गेले. दुसऱ्या दिवशी फवारणी होती. चाचांच्या सदऱ्यावर मागे बोटाएवढा ओला डाग दिसत होता. यवतमाळहून नवं वायसर येईपर्यंत, म्हणजे दोन दिवस, पंप देणार नाही म्हणाले. तोवर अळी बोंडं खाईल त्याचं काय, मी विचारलं. अळी त्याची मर्जी, ते शांतपणे म्हणाले. झालं, मी भडकले. सगळी त्याचीच मर्जी, तर पंपही द्या, गळायचा तर गळेल, असं बोलून गेले…

चाचांनी पंप खाली ठेवला. ‘बेटी, अळी येनं त्याच्या हातात हाये. वायसर माह्या हातात. माह्या चुकीवर त्याचं नाव कायले लिहू?’

मी रिकाम्या हातानं परतले. त्या दोन दिवसांत काही बोंडं गेली. बाबांच्या पाठीला मात्र औषधाचा थेंब लागला नाही. पुढे मी मुद्दाम त्या दुकानात बसू लागले. चाचा आपल्या वाटचं काम पुरतं करायचे आणि उरलेलं त्याच्यावर सोपवून निवांत भाकर खायचे. इतकं निवांत जेवणारा माणूस मी आमच्या चळवळीत पाहिलेला नाही.

शेवटी शेवटी त्यांना दांडा ओढवेना. कुरकुर नाही, कोणावर राग नाही. राहिलेल्या तीन पंपांना त्यांनी लाल चिंधी बांधली आणि चाचीला सांगितलं, ‘हे माह्याकून झाले नाही. लोकायले तसंच सांगजो.’

दुकानात अजून पंप टांगलेले आहेत. ज्यांचे असतील त्यांनी येऊन घेऊन जावेत. चाची चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही. पण लाल चिंधीचे ते तीन, दुसऱ्या कोणाकडून दुरुस्त करून घेतल्याशिवाय पाठीवर घेऊ नका.