हरिचंद्र भोईरांचं शेवटचं भाषण

जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निवृत्त झालेल्या हरिचंद्र भोईरांना निषेधाच्या भाषणांचा नाद होता. देशात कुठेही बाईवर अत्याचार झाला, की बदलापुरात माईक यांच्या हातात. ‘आमच्या आयाबहिणी’ म्हणताना गळा अगदी वेळेवर दाटून यायचा.

यंदा बदलापुरातल्याच शिरगावातल्या त्यांच्या सोसायटीने महिला सुरक्षेचा मेळावा ठरवला. मंचावर सात पुरुष. बायकांची आठवण झाली ती रांगोळीपुरती. सोसायटीचा अध्यक्ष रूपेश, जमिनीचा धंदा करणारा, हरिचंद्रांचा जुना दोस्त.

मेळाव्याच्या आदल्या दुपारी सोसायटीच्या ऑफिसात रूपेशने तुळशीला मागून धरलं. तुळशी बारवी धरणाकडच्या पाड्यावरून जिने पुसायला यायची. तिने त्याला ढकललं आणि बादली तिथेच टाकून ती बाहेर पडली. दारात हरिचंद्र. त्यांनी नोटीस बोर्डात डोकं घातलं आणि पार्किंगची नोटीस दोनदा वाचली.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. वर म्हणाले, “उद्या भाषणात नाव न घेता जोरदार टोला हाणतो.”

“टोला कसला? तिला जाऊन विचारा, काय करायचंय,” सुषमा म्हणाली.

तुळशी अजून खाली फाटकापाशी रिक्षाची वाट बघत होती. हरिचंद्रांनी चाचरत विचारलं.

“दादा, तुमी बगितलंत ना? मंग सांगा. माजं नाव नको, त्याचं घ्या.”

मेळाव्यात हरिचंद्रांनी लिहून आणलेले चार कागद खिशातच ठेवले. “काल आपल्या ऑफिसात रूपेशने एका बाईवर हात टाकला. मी बघितलं आणि गप्प बसलो,” एवढंच म्हणाले. लगेच माईक बिघडला. दुरुस्त झाला तो थेट आभारप्रदर्शनाला.

मग समजवायला माणसं आली. “घरातली गोष्ट आहे भाऊ, चव्हाट्यावर कशाला?” एरवी फाशीच्या खाली न उतरणारे आता ‘दोन्ही बाजू ऐकाव्यात’ म्हणू लागले.

दोन दिवसांनी तुळशीने तक्रार दिली. हरिचंद्र साक्षीला गेले.

“तुम्ही तिचे कोण?” पोलिसाने विचारलं.

“कोणी नाही. मी बघितलंय.”

“याआधी त्याला असं करताना कधी बघितलं होतं?”

हरिचंद्र म्हणाले, “दिवाळीत. तेव्हा मी हसलो होतो.”

शेजारच्या बाकावर बसलेल्या तुळशीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. पोलिसाने तेही लिहून घेतलं.

रूपेशवर गुन्हा दाखल झाला. हरिचंद्रांना त्यानंतर भाषणाला कोणी बोलावलं नाही. केसच्या तारखांना मात्र ते न चुकता जातात.