दहा मिनिटांचा कॉम्प्युटर

तयार कॉम्प्युटर विकत घेतला की बिल मिळतं. स्वतः जोडला की किस्से मिळतात. माझ्याकडे एका उन्हाळ्यात इतके जमले, की मित्र भेटल्यावर "कसा आहेस?" असं विचारतच नाहीत. "चालू आहे का?" असं विचारतात!

झालं असं, की बंगळूरची नोकरी सोडून मी वडनेरला परत आलो. बायकांनी बँकेची कामं, फॉर्म, सातबारा सगळं स्वतःच्या हातानं करावं, त्यासाठी कुणाच्या मागे फिरू नये, असं मला मनापासून वाटतं. आईच्या बचत गटासाठी घरच्या बैठकीच्या खोलीत फुकट क्लास काढायचं ठरवलं. पार्ट मागवले आणि कॉम्प्युटर जोडला. आईनं कुंकू लावलं, नारळ फोडला. स्क्रीन उजळला. टाळ्या!

दहा मिनिटांत फट्ट! बंद.

"थकला असन," आई म्हणाली. "नवा आहे."

*

परत चालू केला. दहा मिनिटांनी परत बंद. बाबा शाळेत क्लार्क होते, आता निवृत्त आहेत. दिवाणावर पडल्या पडल्या ते सगळं पाहत होते.

"रविवारी बायका येतीन. तवा हे बंद पडलं, तर साहेब, सोमवारी शेगाववरून गाडी धरा. नोकरी करा मुकाट्यानं."

मी हसलो. बाबा हसले नाहीत.

*

पहिला संशय व्होल्टेजवर. समोर गुलाबकाकांची पिठाची गिरणी आहे. ती सुरू झाली की आमचे दिवे मान टाकतात. मी काकांपुढे डिजिटल साक्षरतेवर असं काही भाषण ठोकलं, की त्यांनी बिचाऱ्यांनी तासभर गिरणी बंद ठेवली. बाहेर डब्यांची रांग लागली.

कॉम्प्युटर दहा मिनिटांत बंद!

"तुहा बंद, माही बंद," काका म्हणाले. "आता पुरी गल्लीच बंद करतं का बे?"

घरी बाबा तयारच होते. "एका डबड्यापायी गावाचं पीठ बंद! माह्या जन्मात असं पाह्यलं नाई."

*

बंगळूरचा मित्र फोनवर म्हणाला, "तापतोय. टेम्परेचर बघ." पाहिलं तर आकडा भीतीदायक. पण मे महिन्यात आमच्याकडे काय तापत नाही? मी बैठकीतला कूलर बाबांच्या दिवाणाकडून कॉम्प्युटरकडे वळवला.

बाबा पुठ्ठ्यानं वारा घेत बसले. "पाहून घ्या! बापाले पुठ्ठा, अन् डबड्याले कूलर!"

कॉम्प्युटर तरीही बंद पडला. फक्त वाळ्याच्या वासात.

तेवढ्यात बचत गटाच्या अध्यक्ष कमलमावशी डोकावल्या. त्यांनी हळूच विचारलं, "रविवारी येऊ न बाबू? का याले बरं वाटल्यावर येऊ?"

*

आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. फ्रिजवर आहे, रिमोटवर आहे, बाबांच्या स्कूटरच्या सीटवर तर दिवाळीगणिक नवं चढतं. "वस्तू वापरायला असतात!" यावर मी आईला किती व्याख्यानं दिली असतील!

शनिवारी वैतागून सगळं उघडलं. प्रोसेसरला थंड ठेवणारा छोटा पंखा काढला. त्याचा चकचकीत तळ पाहिला. तळाला प्लास्टिक! जे मी स्वतः सोलून फेकलं होतं, तेच.

"आई!"

आई पदराला हात पुसत आली. "हो, मीच लावलं. तू जेवाले उठला होता न, तवा. एवढं चकचकीत, ओरखडे पडतीन म्हटलं. त्याले राखाडी, चिकट काहीतरी लागलं होतं, तेबी पुसून घेतलं."

ती राखाडी पेस्टच तर प्रोसेसरची उष्णता ओढून घेते! "आई, ते औषध होतं त्याचं!"

"मंग औषध शिशीत नाई द्याव का?"

खामगावहून पेस्ट आणली. संध्याकाळभर कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मी बाबांना सगळं समजावलं: दोष गिरणीचा नाही, उन्हाचा नाही, फक्त प्लास्टिकचा. ते "हं" म्हणाले. आईनं ते प्लास्टिक धुऊन माउसला चिकटवलं.

*

रविवारी बायका आल्या. कमलमावशींनी एका बोटानं स्वतःचं नाव टाइप केलं. दहा मिनिटं होत आली तशी बैठक चिडीचूप झाली. आईनं डोळे मिटले.

अकरावं मिनिट. चालू!

क्लास चांगला दीड तास रंगला. पुढच्या रविवारी अजून चौघी येणार म्हणाल्या. एक गोष्ट मात्र मला उशिरा जाणवली: इतक्या वेळात दिव्यानं एकदाही मान टाकली नव्हती.

बाहेर आलो. गल्ली शांत. गिरणीच्या ओट्यावर डब्यांची लांब रांग, गुलाबकाकांचा हात कपाळाला, आणि गिरणीच्या दारात आडवी खुर्ची टाकून बाबा बसलेले. घामाघूम. हातात पुठ्ठा.

"बाबा, अहो, ते प्लास्टिक होतं! काल सांगितलं न मी!"

"हाव, ऐकलं," बाबा म्हणाले. "झाला का क्लास?"

"झाला."

बाबांनी खुर्ची बाजूला ओढली. "मंग गुलाबराव, टाका बटन."