उमाजीच्या गाडीचा पहिला मालक

जिंतूरजवळच्या उमाजीने भंगारातून जुनी मोटार आणली आणि मागची सीट काढून तिथे मेंढरांची सोय केली. पण गाडी काही सुरू होईना. तेव्हा त्याने बिरोबाला नवस केला, की गाडी चालली तर तिच्या पहिल्या मालकाच्या हातून नारळ फोडवीन. दुसऱ्याच दिवशी गाडी चालली आणि उमाजी अडकला, कारण नवस फिटेपर्यंत बायको अंबाबाई गाडीत पाय ठेवेना.

हुडकत हुडकत पूर्णेचे निवृत्त रेल्वे गार्ड विष्णुपंत सापडले. त्यांनी बॉनेटवरून प्रेमाने हात फिरवला, मागे गेले आणि दचकले.

"पुढची माझीच आहे हो. मागची कुणाची?"

मागची परभणीच्या बँडवाल्या मल्हाररावांची निघाली. कुण्या मिस्त्रीने दोन गाड्या कापून एक जोडली होती!

देवळापुढे दोघांनी एकच नारळ धरला.

"पंत, इंजिन तुमचं आसंल, पर बूड आमचं हाय," मल्हारराव म्हणाले.

"फोडा की एकदाचा!" अंबाबाई ओरडली. "मेंढरं लय खोळंबलीत."

दोघांनी मिळून नारळ आपटला. त्याचे तीन तुकडे झाले.

उमाजीने तुकड्यांकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"देवा, आता मधल्याला कुठं हुडकू?"